बारीक भावाला ग्रेड 2 फॅटी लिव्हर: अडिपोनेक्टिन-लेप्टिन तपासावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय 41, उंची 168 सेंमी, वजन 62 किलो, म्हणजे बीएमआय 22. दारूला कधी शिवलेला नाही. कंपनीच्या चेकअपमध्ये सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, ग्रेड 2 आलं. यकृताची एन्झाइम्स एसजीपीटी 76 आणि एसजीओटी 48, प्लेटलेट्स 2 लाख 30 हजार, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह.

घरात सगळे म्हणतात, "एवढ्या बारीक माणसाला कसलं फॅटी लिव्हर? लॅबची चूक असेल." मी टेप घेऊन त्याची कंबर मोजली, तर 94 सेंमी. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा 90 आहे. हातपाय काटकुळे आणि शर्टाचं पोटावरचं बटण ताणलेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक नेमकं हेच वर्षानुवर्षं सांगत आलेत. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के!

तेव्हापासून मी वाचत सुटलेय. चरबीच्या पेशी स्वतः हार्मोन्स सोडतात. त्यातलं अडिपोनेक्टिन यकृताच्या बाजूचं: ते चरबी जाळायला लावतं, इन्सुलिनला साथ देतं, सूज आवरतं. पण पोटातली चरबी वाढली की नेमकं हेच घटतं. लेप्टिन मात्र चरबीबरोबर वाढत जातं, पुढे मेंदू त्याला दाद देईनासा होतो, आणि यकृतातल्या स्टेलेट पेशींना (व्रणाचे तंतू बनवणाऱ्या पेशी) चिथावून ते फायब्रोसिसला, म्हणजे यकृतात व्रण साठण्याला, हातभार लावतं असं दिसतं. तरी त्याला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मिळ आजारात अंगावर चरबीच जवळपास नसते, लेप्टिन फार कमी असतं, आणि तरीही यकृत चरबीने भरतं. तिथे तर लेप्टिनच औषध म्हणून देतात.

आता अडचण सांगते. एका लॅबवाल्याने भावाला अडिपोनेक्टिन आणि लेप्टिनची महागडी तपासणी गळ्यात मारायला घेतलीय. मला शंका आहे, कारण साध्या फॅटी लिव्हरमध्ये अडिपोनेक्टिन कमी असतं, पण सिरोसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) झाला की तेच वाढलेलं सापडतं. मग नुसत्या एका आकड्यावरून काय कळणार? त्यापेक्षा फायब्रोसिसचा अंदाज देणारा फिब-4 हा आकडा फुकटात निघतो: वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं (प्लेटलेट्स हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ) या गुणाकाराने. भावाचा 0.98 आला. 1.3 च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी धरतात. तरी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यावा असं मला वाटतं. इथे कुणी डॉक्टर असतील तर कृपया सांगा, हार्मोन्सच्या त्या रिपोर्टमुळे उपचारात काही फरक पडतो का?

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. डॉक्टर पाच मिनिटांत "10 टक्के वजन कमी करा" म्हणून मोकळे झाले. 62 किलोतले 6 किलो? भावाने लगेच रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळी नुसता ज्यूस. चेहरा पार उतरलाय, पोट तसंच आहे. स्नायू झडले तर साखर आणखी बिघडेल, याची मला धास्ती वाटते. बारीक लोकांना 3 ते 5 टक्क्यांनीही फायदा होतो असं वाचलंय. तुमच्या घरी असं कुणी आहे का, ज्यांनी वजन फारसं न घटवता कंबर कमी केली आणि एसजीपीटी खाली आणलं? डंबेल्स वगैरे केले का? आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. डाळ, उसळ, ताक, पनीर यांत प्रोटीन कसं बसवलं, भात-पोळी किती ठेवली, हे ताटासकट सांगितलंत तर फार मदत होईल. आणि ज्यूस बंद करायला त्याला कसं पटवू, तेही सांगा. माझं तो ऐकत नाही.