मदत हवी आहे: विल्टशरमधल्या इंबर गावाच्या आठवणी

मंडळी, इंग्लंडमधली जुनी दप्तरं चाळलेलं कुणी आहे का इथे?

आमच्या शेजारच्या आजी इंबरजवळच्या गावात वाढल्या. 1943 च्या नोव्हेंबरमध्ये लष्कराने सरावासाठी अख्खं इंबर गाव 47 दिवसांत रिकामं करायला लावलं, ते पुन्हा वसलंच नाही. आता वर्षातले मोजकेच दिवस तिथे जाऊ देतात. आजींना आठवतं ते भलतंच: घोड्याला नाल ठोकताना जळणाऱ्या खुराचा वास!

मी फोनवर रेकॉर्ड करतेय, पण कागदाचा आधार कुठून आणू? 1931 ची जनगणना आगीत गेली, 1941 ची झालीच नाही, आणि 1939 च्या रजिस्टरमध्ये (युद्ध सुरू झाल्यावर केलेली देशभरातल्या लोकांची नोंद) शंभरीच्या आतल्यांची नावं सहसा झाकलेली. उरतं शाळेचं लॉगबुक. त्यात हेडमास्तर गोवरच्या साथीपासून शेतीच्या कामासाठी दांडी मारणाऱ्या पोरांपर्यंत सगळं लिहायचे.

चिपनहॅमच्या विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये (तिथलं जुनं दप्तरखाना) कुणी गेलंय का? आधी वेळ घ्यावी लागते का, फोटो काढू देतात का? आणि थेट प्रश्न विचारला की आजी गप्पच होतात, त्यांना बोलतं कसं करायचं?