घरच्या गाडीला सरकतं दार की साधं?

दारव्हा रोड:
कापूस विकला की घरची गाडी घ्यायची आहे, जुनीच. घरात आम्ही सात जण, त्यात ऐंशीच्या घरातली आजी आणि दोन लहान पोरं. सरकत्या दाराची ईको आणि साध्या दाराची अर्टिगा, दोन्ही पाहून ठेवल्या आहेत. माझा कल सरकत्या दाराकडे. आमच्या गल्लीत एका अंगाला नाली, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची बैलबंडी. साधं दार अर्धंच उघडतं अन् तेवढ्या फटीतून आजीला आत घालताना तिचे हाल पाहवत नाहीत. बाजाराच्या दिवशी तर जास्तच भीती. मागच्या महिन्यात चौकात एकानं मागे न पाहता दार उघडलं आणि दूधवाल्याची मोटारसायकल त्यावर आदळली. कॅन पार नालीत. सरकतं दार थोडंसं बाहेर येतं आणि गाडीला चिकटून मागे जातं, कोणाच्या आडवं येत नाही.

काळी माती:
भाऊ, आधी पांदण पाहा, मंग दार. मी आठ वर्षं सरकत्या दाराची गाडी वापरली. जुलैत वावरातून निघालं की चपलेला किलोभर गारा. तो पायरीवर पडतो, तिथून खालच्या पट्टीत जातो. ओला आहे तोवर दार सरकते, वाळला की सिमेंट. बाबाले रात्री दवाखान्यात नेताना दार अर्ध्यावर अडकलं. दोघांनी ओढलं, हललं नाही. दुसऱ्या बाजूनं, नालीत पाय देऊन, त्यांना बसवलं. तो दिवस मी विसरत नाही. साधं दार चिखलात माखलं तरी उघडते.

वर्धेची सून:
दादा, ते दाराचं नाही, साफसफाईचं दुखणं आहे. पोरांचं बोला ना. सरकत्या दारात बोट सापडतं म्हणतात, पण माझ्या भाच्याचं नख साध्या दाराच्या बिजागरीतच गेलं. उन्हाळ्यात वावटळ आली की साधं दार हातातून सुटून धाडकन आपटतं, ते वेगळंच. सरकत्याची एक गोष्ट मात्र खरी: उतारावर दार खटक्यात बसलं नसेल तर आपोआप पुढे येतं. पोरांना हात लावू देऊ नका, चाइल्ड लॉक लावून ठेवा.

टायर-ट्यूब:
मी गाड्यांचंच काम करतो. सरकतं दार तीन ठिकाणी चालतं: वर, खाली आणि मागच्या पत्र्यावरच्या पट्टीत मधे. जुनी घेताना दार अर्धं उघडून वर-खाली हलवून पाहा. खडखड वाजलं तर मधला रोलर झिजला. खालच्या पट्टीत जाड ग्रीस भरू नका, धूळ त्यालाच चिकटते. मारुती व्हॅन, म्हणजे पुढे जिला ओम्नी म्हणाले, १९८४ला आली आणि २०१९पर्यंत बनत होती. खेड्यापाड्यात तिचीच सरकती दारं लोकांनी पस्तीस वर्षं ओढली.

काळी माती:
ओढली, बरोबर. पण पेरणीच्या दिवसांत पट्टी कोण साफ करते? कास्तकाराले तेव्हा जेवायला वेळ नसतो.

दारव्हा रोड:
आज मामांची ईको दारात आली, आजीला बसवून पाहिलं. दार पुरं उघडलं, पण पायरीवर तिचा गुडघा वाकेना. साध्या गाडीत ती आधी पाठमोरी टेकते, मग आम्ही तिचे पाय आत फिरवतो. इथं तसं जमलं नाही. आईनं स्वयंपाकघरातला पाट आणून खाली ठेवला, तेव्हा दांडी धरून स्वतः चढली आणि खिडकीजवळ जाऊन बसली. उतरायलाच तयार नव्हती. मी ईकोच घेणार, पट्टी मी साफ करीन. काळी माती भाऊ, वाळलेला गारा काढायला तुम्ही काय वापरत होते? खुरपं चालेल?

काळी माती:
खुरपं नको, रंग खरवडला की पत्रा गंजतो. पाणी टाका, अर्धा तास भिजू द्या, मंग दात घासायच्या जुन्या ब्रशानं काढा. माझं मत अजून साध्या दाराचंच आहे. पाट मात्र गाडीतच ठेवा.