दापोलीकडचं 1958 चं कौलारू घर, मॉडर्न लूक द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

पागोळी
नमस्कार मंडळी. गणपतीला गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. दापोली तालुक्यात आमचं घर आहे, आजोबांनी 1958 ला बांधलेलं. जांभ्याचे चिरे, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मग माजघर, बाजूला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. 2020 च्या निसर्ग वादळात पुढच्या पाख्याची (छपराच्या उताराची) निम्मी कौलं उडाली, तेव्हा मिळतील तशी बसवून घेतली ती अजून नीट नाहीत. आई तिथेच राहते, 71 वर्षांची आहे, आम्ही दोघं भाऊ ठाण्यात.

मुलं म्हणतात घरात अंधार वाटतो, भाऊ म्हणतो कौलं काढून स्लॅब टाकू आणि विषय संपवू. मला घर पाडायचं नाहीये पण नवं, स्वच्छ, उजेडाचं दिसायला हवंय. बजेट 10-11 लाख. डोक्यात आहे ते असं, ओटीला व्हिट्रीफाईड टाईल्स, पुढच्या भिंतीला टेक्श्चर पेंट, माजघरात फॉल्स सीलिंग आणि लाईट्स, मॉड्युलर किचन, आणि जमलं तर संडास-बाथरूम घरातच (सध्या मागच्या दारातून वीसेक पावलांवर आहे).

अजून एक. माजघराच्या मागच्या भिंतीला फ्रीजच्या मागे कंबरेएवढी ओल असते. 2011 ला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, दोन-तीन वर्षं बरी होती, आता परत पोपडे सुटतात आणि बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते. तिथे वॉटरप्रूफ पेंट कुठला मारावा?

चिपळूणचा_सिव्हिल
कुठलाच मारू नका, कृपा करून. 22 वर्षं हीच कामं करतोय आणि याच एका चुकीने चांगल्या चांगल्या भिंती गेलेल्या बघितल्यात.

जांभा छिद्रांचा दगड आहे, पाणी पितो आणि हवा मिळाली की सोडतो. जुन्या लोकांनी चुन्याचा गिलावा केला कारण चुन्यातून ती वाफ बाहेर पडते. तुम्ही वर सिमेंट लावलंत, जमिनीतून वर चढणारी ओल आत कोंडली, ती सिमेंटच्या मागून अजून वर गेली. पांढरी पूड म्हणजे लोणा, पाण्याबरोबर आलेले क्षार भिंतीच्या तोंडाशी येऊन सुकतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. वर प्लास्टिक पेंट मारलात की एक पावसाळा झकास दिसेल, पुढच्याला भाकरी फुगते तसा फुगेल.

भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत जा. बद्द, पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलाय. आणि मला सांगा, त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला काय आहे? माती की काँक्रीट?

पागोळी
काँक्रीट. चिखल होतो म्हणून मागचं अंगण 2014 ला कोबा करून घेतलं, भिंतीला अगदी चिकटून. आधी मागे उतरायला दोन पायऱ्या होत्या, आता एकच राहिलीये.

चिपळूणचा_सिव्हिल
मग सापडलं की. एक पायरी गेली म्हणजे तेवढं जोतं (घराचा चौथरा) जमिनीत गेलं. पागोळ्यांचं पाणी कोब्यावर आपटून भिंतीवर उडतंय आणि खालची ओल वर सुकू शकत नाही म्हणून भिंतीतून वाट काढतेय. भिंतीलगतचा दोन-अडीच फुटांचा कोबा फोडा, जोतं पुन्हा उघडं करा, तिथे खडी भरून चर काढा आणि उतार घरापासून लांब द्या. पाख्याला पन्हळ लावा. मग आतला सिमेंट गिलावा ओल आहे त्याच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत दिवाळीपासून होळीपर्यंत उघडी ठेवा, सुकू द्या, वाईट दिसेल पण घाई नको. त्यानंतर चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. चुन्याचं काम येणारा गवंडी आधी शोधा, सिमेंटवाल्याच्या हाती चुना देऊ नका.

स्लॅबबद्दल, पाच इंची स्लॅबचं नुसतं वजन चौरस फुटाला तीस किलोच्या आसपास जातं, कौलं रिपांसकट (खालच्या लाकडी पट्ट्यांसकट) सहाएक किलो. 1958 च्या भिंती मातीत रचलेल्या असतील तर त्यावर स्लॅब ठेवायचाच नाही, वेगळे कॉलम-बीम घ्यावे लागतात, म्हणजे जवळजवळ नवीन घरच.

विनू_खेड
इंजिनियर साहेबांचं बरोबर असेल पण भावाचंही ऐका. आमच्याकडे वानरं वर्षाला शंभरेक कौलं फोडतात. एप्रिल-मे मध्ये शाकारणीला (पावसाआधी कौलं नीट लावायला) माणूस मिळत नाही, मिळाला तर तो म्हणेल ती मजुरी. बाबा 74 व्या वर्षी शिडीवर चढायचे आणि मी मुंबईत बसून फोन करायचो, छातीत धस्स व्हायचं. शेवटी कॉलम घेऊन स्लॅब टाकला. मे महिन्यात रात्री 12 पर्यंत भट्टी असते घरात, ते खरं आहे, पण म्हाताऱ्या माणसाला छपराची चिंता नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

राजापूरची_सून
विनूदादा, वानरांचा त्रास आम्हालाही आहे. आम्ही तीन वर्षांपूर्वी पूर्ण छप्पर उतरवलं, वाळवी लागलेले वासे बदलले (अकरा निघाले, बाकीचे इतके ठणठणीत होते की सुतार हात फिरवून बघत राहिला), वासे-रिपांवर पत्रा आणि त्याच्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या मारून परत तीच कौलं बसवली. आता कौल फुटलं तरी पाणी घरात येत नाही, पत्र्यावरून निघून जातं, सावकाश बदलता येतं. पत्रा आणि कौल यात हवा राहते म्हणून तापतही नाही तेवढं. पावसाचा आवाज थोडा वाढला, एवढंच.

उजेडासाठी फॉल्स सीलिंग नका हो करू. उंचीच तर या घरांची श्रीमंती आहे, आणि वर उंदीर, वाळवी, गळती काही दिसत नाही मग. आम्ही माजघराच्या उत्तरेकडच्या पाख्यात सहा काचेची कौलं बसवली, खाली तेवढ्या भागात पत्र्याऐवजी पारदर्शक शीट. सकाळी दहाला माजघरात दिवा न लावता तांदूळ निवडता येतात मला, आधी ओटीवर घेऊन बसायचे. वासे घासून तेलपाणी केलं, भिंती पांढऱ्या, तुळयांवरून खाली सोडलेले चार पिवळे दिवे. मुंबईहून येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा वर बघतो.

ओटीला गुळगुळीत टाईल्स अजिबात नको. आमच्याकडे पहिल्याच पावसात सासूबाई घसरल्या, मनगट मोडलं. त्या टाईल्स काढून लाल कोबा केला. फार गुळगुळीत न घोटता ठेवला तर पाय धरतो, आणि वापरून वापरून अजून छान होतो.

वायरिंगचं तुम्ही लिहिलंच नाहीत. जुनी लाकडी पट्टीवरची असेल तर सगळी बदला, अर्थिंग नवीन, आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारं स्विच) बसवाच, ओल्या भिंतींच्या घरात तर पाहिजेच.

चिपळूणचा_सिव्हिल
ताईंनी पत्र्याचं सांगितलं ते उत्तम, मीही तेच सुचवतो. बाथरूम मागच्या पडवीत करा पण घराची जुनी भिंत वापरू नका, विटांची स्वतंत्र भिंत घ्या, मध्ये चार बोटं जागा सोडा म्हणजे तिकडची ओल इकडे येणार नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर लांब. आणि हो, सातबारा-घरपट्टी आजोबांच्या नावावर असेल तर काकांची मुलं, आत्या, सगळ्यांना आधी विचारा, काम अर्धवट थांबलेली घरं मी बरीच बघितलीत.

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला हा धागा पाठवला, रात्री दीड तास बोललो. विनूदादांचं वाचून तो म्हणाला बघ मी सांगत होतो, राजापूरच्या ताईंचं वाचून गप्प झाला. पत्रा घालून वर कौलं यावर दोघांचं जमलं.

आज सकाळी आईला फोन करून भिंतीवर ठोकायला सांगितलं. ती फोन हातात धरून ठोकत होती, मला इकडे ऐकू येत होतं, फ्रीजपासून देवघराच्या दारापर्यंत पोकळ. मग विचारलं, आई तुला घरात काय नवीन हवंय? आधी म्हणाली काही नको. मग म्हणाली, "मागे जायला रात्री पावसात बॅटरी आणि छत्री दोन्ही धरवत नाहीत रे, काठी कुठल्या हातात धरू?" तीन वर्षं काठी आहे तिच्या हातात आणि मी यादीत बाथरूमच्या पुढे "जमलं तर" लिहिलं होतं.

दिवाळीला जातोय. पहिलं काम पडवीतलं बाथरूम, दारात उंबरा नाही, आत धरायला दांडे. त्याच्याबरोबर मागचा कोबा फोडणं आणि गिलावा उतरवणं, मार्चनंतर छप्पर. किचन आणि ओटी पुढच्या वर्षी. दापोली-खेड भागात चुन्याचं काम केलेला गवंडी कोणाच्या माहितीत असेल तर मेसेज करा प्लीज.