मूल्यशिक्षणाचा तास बंद करायला निघालेल्यांना

परिपाठवाली : काल इथे एकांनी लिहिलं, ‘नीती शिकवून येत नाही, हे हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२८ सालीच दाखवलंय. मूल्यशिक्षणाचा तास काढून गणिताला द्या.’ मला रात्री झोप लागली नाही. चोवीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवतेय. त्या दोघांनी अमेरिकेतल्या दहा हजारांवर मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिलं. एकच पोर एका चाचणीत उत्तरं बदलतं आणि दुसरीकडे पैशाला हात लावत नाही, असं निघालं. शिवाय सोबतची मुलं वागतात तसं ते वागतं. म्हणजे उपदेश फुकट जातो, पण वर्गाचं वळण फुकट जात नाही. अर्धंच वाचून तास कसला बंद करता?

गणितवाला : बाई, पूर्ण वाचलंय. दहा मूल्यांची यादी मुलांकडून घोकून घेता आणि मार्चमध्ये त्याच शाळेत कॉपी चालते. माझ्या दहावीला खिडकीतून चिठ्ठ्या येत होत्या, पर्यवेक्षक पाठ फिरवून उभे. कॉपीविरोधातला १९८२ चा कायदा तेव्हाही होताच. आम्हा चौघांनी कॉपी केली नाही, चौघेही मागे पडलो. त्या दिवशी शाळेनं काय शिकवलं?

परिपाठवाली : सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी कॉपी धरली तेव्हा संध्याकाळी गावातली माणसं दारात आली. दुसऱ्या दिवशी त्या केंद्रावरून मलाच हलवलं.

थिसिसग्रस्त : शाळेतल्या पोरांना कशाला धरता? विद्यापीठात या. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे : प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. आमच्या विभागात एकानं इंग्रजी प्रबंध सरळ मराठीत उतरवला. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला काही सापडलं नाही. आज तो शिक्षणशास्त्र शिकवतो.

ग्रंथपाल_निवृत्त : २००९ मध्ये श्विट्झगेबेल या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी विद्यापीठांची ग्रंथालयं तपासली. नीतिशास्त्राची अवघड, तज्ज्ञच नेतील अशी पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांच्या सुमारे दीडपट प्रमाणात गहाळ होती. मला नवल वाटलं नाही.

थिसिसग्रस्त : माझ्या पेपरवर गाइडचं नाव पहिलं आलं. एक ओळ त्यांनी लिहिली नव्हती.

परिपाठवाली : मग तक्रार केलीत?

थिसिसग्रस्त : नाही. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. तुम्हाला कायमची नोकरी आहे, तुम्ही विचारू शकता.

परिपाठवाली : नोकरीवरून बोलू नका. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढलीत मी.

गणितवाला : धागा पीएचडीत वाहून गेला. बाई, एवढं मान्य करतो : तास राहू दे. पण ती यादी काढा, आणि काहीतरी करून दाखवा.

परिपाठवाली : उपकार झाले. चौथीच्या माझ्या वर्गात मुलं आपापली गणिताची चाचणी स्वतः तपासतात. त्याआधी मी उत्तरांची नक्कल करून ठेवलेली असते, हे त्यांना ठाऊक आहे. जूनमध्ये सात जणांनी उत्तरं बदलली होती. मी ओरडले नाही, गुण कापले नाहीत, एकेकाला बाजूला घेऊन बोलले. दिवाळीनंतर दोघं उरले.

गणितवाला : नक्कल ठेवता म्हणजे धाकच झाला की. आणि त्या दोघांचं काय?

परिपाठवाली : धाक आहे, नाही म्हणत नाही. दोघांपैकी एकाला गुण कमी पडले की घरी मार बसतो. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच्या वडिलांकडे जातेय.