मदत हवी आहे: ‘द्यावी’, ‘लावू नये’, ‘लागत नाही’ यांसाठी मस्ट, शुड की हॅव टू?

गृहनिर्माण सोसायटीच्या नियमावलीची इंग्रजी प्रत करायची आहे. चार वाक्यांवर गाडी अडली आहे:
१) भाडेकरूने कराराची प्रत कार्यालयात द्यावी.
२) रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावू नये.
३) पाहुण्यांच्या गाडीला पास लागत नाही.
४) मे महिन्यात टँकर मागवावा लागला.
मसुद्यात अनुक्रमे शुड, मे नॉट, मस्ट नॉट आणि मस्ट हॅव घातलंय. बरोबर आहे का?

प्रतिसाद १
चारही बदला.

नियमातलं ‘द्यावी’ हे बंधन असतं. इंग्रजीत ‘शुड’ म्हटलं की त्याचा सल्ला होतो, म्हणजे नाही दिली तरी चालेल. तिथे ‘मस्ट’ हवं. नियम करणारा स्वतः बोलतो तेव्हा मस्ट. तोच नियम रहिवासी दुसऱ्याला सांगतो तेव्हा सहसा हॅव टू: ‘वी हॅव टू सबमिट अ कॉपी.’

‘मे नॉट’चे दोन अर्थ होतात. ‘मेंबर्स मे नॉट अटेंड’ म्हणजे यायला मनाई, की कदाचित येणार नाहीत? नियमात अशी फट ठेवू नका. मनाईला ‘मस्ट नॉट’ लिहा.

सगळ्यात मोठा घोळ तिसऱ्यात आहे. ‘मस्ट’ म्हणजे ‘लागतं’, म्हणून ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘लागत नाही’, असं वाटतं. पण मस्टपुढचा ‘नॉट’ गरजेला लागत नाही, पुढच्या क्रियापदाला लागतो: ‘न घेणं’ बंधनकारक. तुमच्या मसुद्याप्रमाणे पाहुण्याने पास घेतला तर नियमभंग! ‘डू नॉट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’ लिहा.

चौथ्यात ‘हॅड टू’. बंधनाच्या अर्थी मस्टला भूतकाळाचं रूप नाही. ‘मस्ट हॅव कॉल्ड’ म्हणजे ‘बोलावला असणार’, नुसता अंदाज. त्या अंदाजाचा नकार (‘बोलावला नसणार’) ‘कान्ट हॅव कॉल्ड’ असा होतो.

प्रतिसाद २
मस्टऐवजी ‘शॅल’ घालावं असं कोणी सुचवेल. जुन्या कायद्यांत ते सर्रास आहे, पण साध्या वाचकाला त्यात भविष्यकाळ दिसतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातले कायद्याचे मसुदाकारही आता मस्टच पसंत करतात.

प्रश्नकर्ता
आभार. अजून एक: ‘दुसरा टँकर मागवायची गरज नव्हती’ याला ‘डिडन्ट नीड टू’ की ‘नीडन्ट हॅव’?

प्रतिसाद १
टँकर आला होता का, त्यावर ठरेल. आला, पैसे गेले आणि नंतर कळलं की पाणी पुरलं असतं, तर ‘वी नीडन्ट हॅव कॉल्ड’. ‘वी डिडन्ट नीड टू कॉल’ एवढंच सांगतं की गरज नव्हती. मागवला की नाही ते उघडंच राहतं, आणि वाचणारा बहुधा ‘मागवला नाही’ असं समजतो. हिशेबाच्या टिपणात हा फरक महत्त्वाचा. मराठी वाक्यातही तो दिसत नाही, म्हणून आधी ‘मागवला, पण गरज नव्हती’ असं मूळ वाक्यच नीट करून घ्या.