२४ जुलैला क्योतोत असेन, गिऑनचे रथ हुकले का?

पंचवटीची_लेक:
जावई ओसाकात असतात. तिकिटं त्यांनीच काढली, २२ ते २६ जुलै. मागाहून कळलं की क्योतोच्या गिऑन उत्सवाचे रथ १७ जुलैला निघतात! मुलगी म्हणते, आई, देवळं काय कमी आहेत तिथे? बघेन की देवळं. पण मी काळाराम मंदिरामागच्या गल्लीत वाढलेली. कामदा एकादशीला वडील रथाच्या चाकाशी असायचे, हातात लाकडी ठोकळा, आणि दुसऱ्या दिवशी घसा पार बसलेला. रथ वळणावर आला की आम्ही पोरी ओट्यावर चिडीचूप. तिथले लोक ते अवजड रथ वळवतात कसे, एवढंच मला बघायचं होतं.

बिनसाखरेचा_चहा:
ताई, हुकलं नाही. चार वर्षं क्योतोत होतो, म्हणून सांगतो. मिरवणुका दोन निघतात, दुसरी २४ तारखेलाच. १९६६ पासून दोन्ही एकाच दिवशी काढायचे, २०१४ पासून पुन्हा वेगळ्या केल्या. त्याच वर्षी ओफुने-होको हा नावेच्या आकाराचा रथ परत आला. १८६४ च्या आगीत जळाला होता, म्हणजे दीडशे वर्षांनी! १७ ची गर्दी मला तरी सोसवत नाही. २४ ला रथ कमी, पण जवळून दिसतात.

आता वळवण्याचं. चाकं लाकडी आणि सरळच जाणारी, वळवायची सोयच नाही. मग चौकात पुढच्या चाकांखाली बांबूच्या चिरफळ्या अंथरतात, त्यावर पाणी ओततात आणि दोर बाजूला लावून 'एन्याराया' म्हणत हिसका देतात. रथ थोडा सरकतो. पुन्हा पाणी, पुन्हा हिसका. सांगाडाही खिळ्यांनी नाही, दोरखंडांनी आवळलेला असतो. वळताना कुरकुरतो तो आवाज ऐकाच. कावारामाची-ओइके चौकात उभ्या राहा.

रथांवरचे जुने गालिचेही बघा. काही इराणी, काही हिंदुस्थानी. त्यातले काही अभ्यासक दख्खनचे मानतात.

रविवार_कारंजा:
आपला रामरथ गोदावरी ओलांडत नाही. त्यांच्या देवाला नदी चालते का? :)

बिनसाखरेचा_चहा:
भारी प्रश्न! रथ कामो नदीच्या पश्चिमेलाच फिरतात, ओलांडत नाहीत. पण देव रथात नसतोच. ८६९ मध्ये साथ आली तेव्हापासूनची ही परंपरा. रथांनी आधी रस्ते शुद्ध करायचे, देव मागाहून पालख्यांतून येणार. १७ च्या संध्याकाळी तीन पालख्या यासाका देवस्थानातून नदीपलीकडे मुक्कामाला जातात, २४ च्या रात्री परततात. ताई, सकाळी रथ बघून हॉटेलात झोपू नका.

पंचवटीची_लेक:
देव रथात नसतो, हे आमच्या गल्लीत सांगायची सोय नाही. भोगमूर्तीशिवाय रथ हलवला असता का कुणी!
पण बांबू आणि पाणी... वडील असते तर म्हणाले असते, "पाणी? अगं, घसरेल की!" आणि मग तासभर तेच बोलत बसले असते. त्या चौकात जागा कधी धरायची? आम्ही दुपारपासूनच ओटा अडवायचो.

बिनसाखरेचा_चहा:
मिरवणूक साडेनऊला निघते. आठला पोचा. टोपी आणि पाणी न्या, जुलैत क्योतो नुसतं उकडतं. ओटा मात्र मिळणार नाही.