प्रतिसाद: नवे ब्रेक पॅड घातल्यावर पुढचं डावं चाक तापतंय

पॅड बदलल्यापासून डावं चाक तापतंय आणि ब्रेक न दाबताही गाडी तिकडेच ओढते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तिकडचा पॅड डिस्कपासून (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीपासून) सुटत नाहीये. मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) खोलण्याआधी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिना बघा; कॅलिपर त्यांच्यावरच सरकतो. हाताने दाबली की पिन आत जायला हवी आणि तितकीच सहज बाहेर यायला हवी. माझी खालची पिन इतकी गंजली होती की पान्याने फिरवत फिरवत काढावी लागली. आतला पॅड पार झिजलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा! साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

पिना ठीक असतील तर गाडी स्टँडवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. चाक अडलं तर ब्लीड निपल (कॅलिपरवरची ऑइल आणि हवा सोडायची छोटी तोटी) सैल करा. लगेच मोकळं झालं तर कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होजपाइप आतून सुजलाय, ऑइल परत येत नाही. तरीही अडलेलंच राहिलं तर कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन जाम आहे. निपल उघडलं की नंतर ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायलाच हवी.

तोवर कृपा करून गाडी रस्त्यावर काढू नका. चाक तापून ब्रेक ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं.